सिंधूवहिनी फार घाबरायची

अंजूचा फोन आला तेव्हा मी इंदूरच्या घरी तांदूळ निवडत बसले होते. "आत्या, आई गेली," एवढंच ती म्हणाली. ताट तसंच टाकून मी निघाले. उज्जैनला पोचायला दीड तास लागतो. गाडीत सारखं वाटत होतं की वहिनी वाट बघत असेल, "वन्सं, किती उशीर केलात, माझा जीव टांगणीला लागला" म्हणेल... आता कुणी तसं म्हणणार नव्हतं. या गोष्टीला महिना होऊन गेला. तिच्याबद्दल लिहावं असं रोज वाटतं, आणि लिहायला बसलं की तिचं म्हातारपण आठवतच नाही. डोळ्यांपुढे येते ती सव्वीस वर्षांची, देवासगेटच्या बसस्टँडवर बसचा दांडा घट्ट धरून उभी असलेली, पांढरीफटक पडलेली सिंधूवहिनी.

ती सांगलीकडची. लग्न होऊन उज्जैनला आली त्याच वर्षी आमचं संस्थान मध्यभारतात विलीन झालं. माझा थोरला भाऊ, दादा, संस्थानच्या महसुली दफ्तरात कारकून होता. त्याच्या आधी वडील आणि आजोबाही तिथेच होते. राजे गेले तरी दफ्तर राहिलं, म्हणून आमच्या घरात कुणाला फार फरक जाणवला नाही. वहिनीला मात्र सगळ्याचीच भीती. गच्चीवरच्या वानरांची, घाटावरच्या गर्दीची आणि सगळ्यात जास्त हिंदीची. दूधवाल्याशी बोलायचं झालं तरी ती मला हाक मारायची. गोपाल मंदिराच्या मागे आमची भाड्याची जागा होती, आणि आठ वर्षं झाली तरी जवळच्या सराफ बाजारापर्यंत ती एकटी गेलेली नव्हती. तिच्याहून नऊ वर्षांनी लहान असलेली मी तिला गमतीनं 'ससा' म्हणायची. ती हसायची, पण तिला ते लागत असणार.

मग मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि दादाचा विभाग गुंडाळला गेला. कुणाला भोपाळ, कुणाला ग्वाल्हेर, कुणाला आणखी कुठे. दादाला मात्र कुठलाच हुकूम आला नाही. "येईल. आपली तीन पिढ्यांची नोकरी आहे, ते विसरणार नाहीत," तो म्हणायचा. रोज अंघोळ करून, कोट-टोपी घालून तो ओट्यावर खुर्ची टाकून बसायचा. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की उठून उभा राहायचा, आणि पोस्टमन पुढे गेला की खाली बसायचा. महिने गेले. आईची पूजा लांबत चालली, स्वयंपाकातलं एकेक कमी होत गेलं. माझं कॉलेज आता बंद होणार या धास्तीनं मी घरात पावलांचा आवाजही करत नसे. चार वर्षांची अंजूसुद्धा ओट्यावर खेळायची थांबली होती. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, आणि पुढे काय हे कुणीच विचारत नव्हतं.

एका दुपारी वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. "वन्सं, हिंदी मिडलच्या परीक्षेला प्रायव्हेट बसता येतं का हो?" मी म्हटलं, "कुणाला बसायचंय?" ती मान खाली घालून म्हणाली, "मला." ती मराठी सातवी पास होती. मिडल झालेल्या बायकांसाठी मास्तरणीच्या जागा निघतात हे तिनं शेजारच्या गेंदाबाईकडून ऐकलं होतं. गेंदाबाई म्हणजे घाटावर पूजा सांगणाऱ्या पंडाजींची बायको. स्वतः अंगठेबहाद्दर, पण साऱ्या गावाची खबर ठेवणारी.

दादाला सांगायचं ठरलं त्या दिवशी वाढताना वहिनीनं आमटी ताटाबाहेर सांडली. तिनं सांगितलं तसा दादा जेवता जेवता थांबला. "माझा हुकूम येणारच आहे. लोक काय म्हणतील, याची बायको चाकरी करते?"

"तुमचा हुकूम येईल तेव्हा येऊ दे," वहिनी म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "मी तुमच्याविषयी काही म्हणत नाही. माझ्या हातात काय आहे तेवढंच बघतेय."

दादा ताटावरून उठला. आई म्हणाली, "झालं तुझं समाधान?" मी तिथेच होते. वहिनीच्या बाजूनं एक शब्द बोलू शकले असते... नाही बोलले. कॉलेज चालू राहावं म्हणून मी सगळ्यांशीच गोड राहत होते.

पुस्तकातली हिंदी मी तिला शिकवली. बोलण्याची सवय व्हावी म्हणून ती रोज गेंदाबाईकडे जाऊन बसू लागली. दोघी मिळून गहू निवडायच्या आणि बोलायच्या. मराठीत जे नपुंसकलिंगी ते हिंदीत कुठे ढकलायचं, यापायी वहिनीनं फार त्रास सोसला. लेखी पेपर बरे गेले. मास्तरणीच्या जागेसाठी तोंडी झाली तेव्हा ती घाबरून पुस्तकातलं सगळं विसरली आणि गेंदाबाईची माळवी बोलीच तोंडातून बाहेर पडली. "म्हके नी मालम," म्हणजे मला नाही ठाऊक, असं ती परीक्षा घेणाऱ्या इन्स्पेक्टरबाईंना म्हणाली. घरी येऊन पदरात तोंड खुपसून रडली. पण त्या बाईंनी शेरा काय लिहिला असेल कोण जाणे. जुलैत तिला घटिया गावाच्या पलीकडच्या एका खेड्यात मुलींच्या शाळेत नेमणूक मिळाली. तिथल्या पोरी माळवीशिवाय दुसरं काही बोलतच नव्हत्या.

पहिल्या दिवशी मी तिला देवासगेटला सोडायला गेले. सकाळपासून तिला दोनदा उलटी झाली होती. बसपाशी येऊन ती थांबली आणि म्हणाली, "वन्सं, मी नाही जात. परत चला." मी खरंच परत फिरले. मला वाटलं बरंच झालं, उगाच जिवाला घोर नको. चार पावलं गेले आणि मागे बघितलं, तर ती दांडा धरून एक पाय पायरीवर ठेवून उभी होती. कंडक्टर म्हणाला, "बहनजी, चढना है कि नहीं?" ती चढली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. पुढचे कित्येक महिने ती रोज सकाळी ओकायची, तोंड धुवायची आणि निघायची. मला वाटलं होतं, सवय झाली की भीती जाईल. तशी ती कधीच गेली नाही.

भाद्रपदातली एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही. दिवसभर पाऊस होता. पाचची बस आली नाही, सहा वाजले, साडेसहा झाले. वाटेतल्या ओढ्याला पूर आलाय असं कुणीतरी सांगत आलं. आई देवापुढे बसली, अंजू दाराशी. दादा ओट्यावर खुर्चीतच होता. मी त्याच्याकडे बघत होते, आणि तो गल्लीच्या तोंडाकडे बघत होता, जणू ही खबरसुद्धा पोस्टमनच आणून देणार होता. मग एकाएकी तो उठला आणि कोट-टोपी न घालता, छत्रीसुद्धा न घेता चालू लागला.

बस ओढ्याच्या पलीकडे अडकली होती. उतारूंना मोठा फेरा घालून पुलावरून चालत यावं लागलं. गावाबाहेर पार चिखलात दादाला ती दिसली; चपला हातात, शाळेतल्या दोन पोरींच्या आजोबांच्या मधून चालत येत होती. घरी आले तेव्हा दोघेही चिंब. वहिनी चुलीपाशी थरथरत बसली, आणि दादा आमच्या सगळ्यांसमोर बोलला.

"मला कागद आला होता," तो म्हणाला. "सुरुवातीलाच. भोपाळला यायला तयार आहात का, लिहून पाठवा, असं होतं. मी तो भरलाच नाही."

आई म्हणाली, "म्हणजे?"

"मला वाटलं, आपल्याला विचारतात कसले, मानानं बोलावतील. मग उशीर झाला. मग लाज वाटायला लागली... रोज वाटायचं उद्या भरू."

दहा महिने आम्ही ज्या हुकुमाची वाट बघत होतो तो येणारच नव्हता. मी वहिनीकडे बघितलं. ती चकित झालेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दादा स्वतः भोपाळला गेला. चार दिवस दफ्तरांच्या पायऱ्या चढला. जुनी जागा गेली ती गेलीच. खालच्या पायरीवर, नव्या माणसांच्या हाताखाली काम मिळालं. त्यानं ते घेतलं. वहिनीनं नोकरी सोडून यावं असं आईला वाटत होतं, दादालाही कदाचित; पण त्यानं तसं म्हटलं नाही. तो भोपाळला एका खोलीत राहिला, शनिवारी यायचा. वहिनी पुढे उज्जैनच्या शाळेत आली, शेवटी हेडमास्तरीण झाली. तिथेच फ्रीगंज भागात दोघांनी घर बांधलं. दादा निवृत्त होऊन परतला तेव्हा चहा तो स्वतः करायचा, दोघांचा.

दादा गेल्यानंतर मी एकदा तिला विचारलं, "वहिनी, तो कागद तुला माहीत होता ना?"

"कपाटात सापडला होता. तुमच्याकडे मिडलचं विचारायला आले ना, त्याच्या आदल्या दिवशी."

"मग तूच भरून का नाही पाठवलास? दादाला कळलंसुद्धा नसतं."

ती म्हणाली, "हातात पेन घेतलं होतं. पण वाटलं, आज हा भरला तर जन्मभर ह्यांचे कागद मीच भरत बसेन, आणि माझा कोरा राहील." मग म्हणाली, "पण वन्सं, त्या महिन्यांत ह्यांना काही झालं असतं तर? बसल्या जागी झुरून माणसं जातात. मी गप्प राहिले ते बरोबर केलं का? मला अजून त्याची फिकर वाटते." मी तिला समजावलं नाही. मलाही ठाऊक नव्हतं, आजही नाही.

दहाव्याला मी पुन्हा फ्रीगंजच्या घरी गेले. दारालगत, फाटकाकडे तोंड करून एक वेताची खुर्ची होती. म्हातारपणी वहिनी कुठेही जायचं असलं, अगदी टावर चौकात भाजीला जरी, तरी तासभर आधी तयार होऊन, पायात चपला घालून त्या खुर्चीत बसायची. पोरं हसायची. शेवटच्या दिवशी छातीत दुखू लागलं आणि दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली, तेव्हाही तिनं अंथरुणावर थांबायला नकार दिला, असं अंजूनं सांगितलं. धरून धरून खुर्चीपर्यंत आली, बसली, चपला मागितल्या.

"हात बर्फासारखे झाले होते, आत्या," अंजू म्हणाली. "मला म्हणाली, 'भीती वाटतेय गं.' मी म्हटलं, 'आई, मग थोडं पडून राहतेस का?' तर म्हणाली, 'नको. गाडी आली का बघ.'"

खुर्ची तशीच आहे, फाटकाकडे तोंड करून. आल्यागेल्याला अडचण होते तिची, पण ती तिथून हलवावी असं अजून कुणाला वाटलेलं नाही.