कॉफी कर्जदाराच्या खोलीत

"शुभाकाकू, कॉफी त्या रूममध्ये का ठेवली तुम्ही?"

समीर माझा बॉस. जन्म इथलाच, अमेरिकेतला. त्याची आई आणि मी वेस्ट विंडसरच्या एकाच दुकानात भाजी घेतो, म्हणून मीटिंगमध्ये मी शुभा आणि मीटिंगबाहेर शुभाकाकू. चिडला की काकूच.

आमची फर्म कर्जात बुडालेल्या देशांना सल्ला देते. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या ऑफिसात आफ्रिकेतला एक छोटा देश आला होता. नाव सांगायची मला परवानगी नाही. समोर पाच श्रीमंत देश, म्हणजे त्याचे सावकार. या धंद्याची रीत अशी, की कर्जदाराने सकाळी आपलं गाऱ्हाणं मांडायचं आणि मग शेजारच्या खोलीत जाऊन बसायचं. किती माफ करायचं ते सावकार आपापसात ठरवतात आणि निरोप पाठवतात. याला 'डायलॉग' म्हणतात.

शेजारच्या खोलीत त्या देशाच्या अर्थसचिव, मिसेस एस्तेर, एकट्याच बसल्या होत्या. समोर रिकामं टेबल आणि टिश्यूचा डबा. आलेल्या माणसाला चहापाणी न विचारता बसवून ठेवणं मला जमत नाही. मी केटररला सांगून कॉफीचा सरंजाम तिथे हलवला. सगळाच. सावकारांच्या मोठ्या खोलीत काही उरलं नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

करार झाला नाही तर त्यांच्या देशाला नवं कर्ज मिळणार नव्हतं, आणि त्याशिवाय राजधानीतल्या डायलिसिस सेंटरचं सामान बंदरातून सुटणार नव्हतं.

"ऑफिसला जाताना मी रोज त्या सेंटरवरूनच जाते," एवढंच त्या मला म्हणाल्या होत्या. मला पुढे विचारवलं नाही.

दुपारी समीर बाहेर आला. "दे आर स्टक. कोणीच हलत नाहीये यार. आणि ती कॉफी शिफ्ट करा प्लीज."

मी ट्रॉली न्यायला गेले, तर मिसेस एस्तेर म्हणाल्या, "राहू द्या. सगळे येऊन गेले."

"कोण सगळे?"

"पाचही देशांचे लोक. एकेकटे येतात, साखर कुठे आहे विचारतात, अवघडतात आणि मग बोलायला लागतात."

"काय बोलतात?"

"सगळे एकच. आम्ही तयार आहोत, पण बाकीच्यांच्या आधी नाही."

यात नवल नाही. एका सावकाराने जास्त सोडलं, तर तेच पैसे कर्जदार दुसऱ्याला देईल, ही प्रत्येकाची भीती.

मी समीरला गाठलं. "पाचही जणांकडून होकाराची पत्रं बंद पाकिटात घे. पाचही आली तरच उघडायची, नाहीतर तशीच परत." तिऱ्हाइताकडे अशी वस्तू ठेवण्याला एस्क्रो म्हणतात.

"काकू, दॅट्स सो बेसिक."

"मग सकाळपासून कोणाला का सुचलं नाही?"

तो सावकारांच्या बैठकीच्या चेअरमनकडे गेला.

संध्याकाळी पाचही पाकिटं उघडली. मिसेस एस्तेरना सहीपुरतं आत बोलावलं. बाहेर येऊन त्या माझा हात धरून रडल्या. मीही रडले. ऑफिसात हे शोभत नाही, पण मला फार बरं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी बिल करायला बसले. रीतीप्रमाणे सावकारांच्या वकिलांची फीसुद्धा कर्जदार देशच भरतो. त्याखाली केटरिंग होतं. पाच श्रीमंत देशांनी प्यायलेली कॉफी. मी ती ओळ खोडली.

"मग हा खर्च आपल्याकडे कशात दाखवू?" समीरने विचारलं.

"'डायलॉग'मध्ये टाक," मी म्हटलं. "तेवढाच झाला."