जागायची गोळी

मुलुंडच्या ज्या घरी मी कामाला राहिले, तिथे पोटभर जेवण होतं आणि चुकलं तरी न ओरडणारी माणसं होती. चौथीत शाळा सुटलेल्या, मालवणाहून आलेल्या मुलीला आणखी काय हवं? तरी मनात धाकधूक असायचीच. त्यात घरावर संकट आलं. मालकीणबाईंच्या, म्हणजे मी वहिनी म्हणे त्यांच्या, नऊ वर्षांच्या मुलाला शाळेने बजावलं, दिवाळीपर्यंत वर्गात एका जागी बसायला शिकला नाही तर नाव काढून टाकू.

विलायतेत शिकून आलेल्या घाटकोपरच्या डॉक्टरांनी त्याला गोळ्या दिल्या. सकाळी अर्धी. घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "सकाळी कशी देऊ? वर्गात पेंगेल, मग मास्तरांना आयतंच फावेल. जेवल्यावर देऊ रात्री."

मलाही पटलं. वांड पोराचं औषध म्हणजे झोपेचंच असणार. मी त्यांना सांगितलंही, आमच्याकडे मासळी सुकवायला जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची बाळगोळी चाटवून जात. शेजारच्या आजोबांचाही डॉक्टरांचं औषध घेतलं की डोळा लागायचा.

सकाळी पाहते तर पोरगं टक्क जागं, तोंडाचा पट्टा चालूच. वहिनी रडकुंडीला आलेल्या. हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडची ती बाळगोळी इथे कुठे मिळेल गं?"

माझा धाकटा भाऊ त्या गोळीवर झोपला, तो उठलाच नाही. मी कधी उलट बोलत नसे, पण तेव्हा "नको, वहिनी, नको" एवढंच तोंडातून निघालं.

तेवढ्यात वहिनींचा कॉलेजात जाणारा भाऊ चहाला आला. बाटली वाचून ओरडलाच, "ताई, ही तर जागायची गोळी! परीक्षा आली की आमची पोरं हीच खातात!"

"काय सांगतोस?"

"वाट लागली! आधीच माकड, त्याला आणखी चावी दिलीस!"

"मामा, मग मी पण कॉलेजात गेलो का रे?" पोरगं खूश.

वहिनी मला घेऊन तडक घाटकोपरला गेल्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मोठ्यांना जागवते तीच गोळी अशा मुलांना थाऱ्यावर आणते, असं तिकडे दिसलंय. का, ते मलाही नीटसं ठाऊक नाही. पण सकाळीच द्या."

जिन्यात वहिनींनी विचारलं, "देऊ का गं?" मला विचारलं!

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी अर्धी गोळी दिली. थोड्या वेळाने पोरगं गॅलरीत बसून पाढे लिहू लागलं. कठड्यावर कावळा बसला तरी मान वर केली नाही. वहिनींनी तोंडाला पदर लावला. "आता नाही काढणार शाळेतून," त्या पुटपुटल्या.

दुपारी मी त्याच्या आवडीची सुरमई तळली.

"भूक नाही," तो म्हणाला. वास आला की तव्यावरूनच तुकडा पळवणारा तो!

मी वहिनींकडे पाहिलं. "राहू दे," त्या म्हणाल्या, "लिहितोय ना."

मी ताट हातात घेऊन त्याच्याशेजारी बसले. ते निवून गेलं तरी बसून राहिले.