शेपटीचा पहिला घास

तलावाच्या पाळीवर पाय ठेवण्याआधी डोमाजी चपला काढून हातात घेत. देवळात मात्र ते खुशाल चपलांसकट ओट्यापर्यंत जात. मी टोकलं, तर म्हणाले, "देव माफ करते, गुरुजी. पाळ नाही करत."

मोहाडीकडच्या आमच्या गावाचे ते पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या धानाला कधी द्यायचं, हे तेच ठरवत. कायदा एका ओळीचा: पहिला घास शेपटीला. शेपटी म्हणजे पाटाच्या टोकाची शेतं, यमुनाबाई रामटेकेसारख्यांची, एकेक-दीड एकराची. तिथून उलटं येत येत सगळ्यात शेवटी तलावाला लागून असलेली बांधी, म्हणजे धानाचं शेत, भिजायची. ती बांधी खुद्द डोमाजींची. हलवायाच्या घरी उपास, असं मी त्यांना चिडवायचो. ते फावडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत.

"पाणी आंधळं रायते. हात धरून नाही नेलं, तं पहिल्याच घरी बसते."

मग आमच्यावर विकास कोसळला. तलावाचं जुनं लाकडी बूच गेलं, लोखंडी दार आलं, दाराला कुलूप आलं. किल्ली नव्या समितीच्या सचिवाकडे गेली. त्याची बांधी पाटावर तलावाकडून दुसरी. डोमाजींना पाणीवाटपाचं प्रशिक्षण मिळालं! हो, डोमाजींना. डोक्यावर टोपी घालून ते पहिल्या रांगेत बसले आणि पडद्यावरचं चित्र संपल्यावर नम्रपणे म्हणाले, "चित्र चांगलं हाय, साहेब. यात शेपटी कुठं हाय?" प्रमाणपत्र त्यांनी घरी नेऊन रांजणावर झाकलं.

पुढच्याच वर्षी पोळ्यानंतर पाऊस गेला. धान गर्भावर आलेलं. सचिवानं दार उघडलं आणि पाणी डोक्याकडून, तलावालगतच्या बांध्यांना आधी सोडलं. शेपटीला आधी द्या, म्हणत डोमाजी त्याच्या दारी दोनदा गेले. त्यानं तालुक्याला अर्ज करायला सांगितलं. तालुक्यानं सांगितलं, समितीला विचारा. तिकडे यमुनाबाई कोरड्या पाटात रोज उभी.

शेवटी डोमाजींनी आपल्याच बांधीचं तोंड चिखलानं बुजवलं. "शेपटी उपाशी हाय. मी कसा जेवू?"

त्यांना वाटलं, हे पाहून खालचेही आपापली तोंडं बुजवतील. कोणी बुजवलं नाही. डोमाजींनी सोडलेलं पाणी खालच्यांनीच पिऊन टाकलं. यमुनाबाईनं वाळल्या धानात गुरं सोडली आणि मजुरीसाठी गाव सोडलं. लोखंडी दाराचा फोटो काढायला आलेल्या साहेबांना भरल्या पाटाशेजारी डोमाजींची करपलेली बांधी दिसली. त्यांनी डोमाजींचं नाव पुन्हा प्रशिक्षणाच्या यादीत घातलं.

ते प्रशिक्षण व्हायच्या आधीच डोमाजी गेले. तिरडी पाळीवरून नेताना सगळ्यांच्या पायांत चपला होत्या.

त्यांच्या नकला मी फार छान करतो. लोक पोट धरून हसतात आणि मग विचारतात, ते पाणी शेवटी प्यालं कोण? दुसरी बांधी सचिवाची, हे मी लगेच सांगतो.

तिसरी माझी. त्या वर्षी आमच्या घरात धान ठेवायला जागा पुरली नाही.