विहीणबाई शाळेचं जमवतात

जगातला कुठलाही प्रश्न म्हणजे मुळात एक न जमलेलं लग्न असतं, अशी आमच्या विहीणबाईंची ठाम समजूत आहे, आणि ती खोटी पाडणारा एकही पुरावा मला अजून सापडलेला नाही. बाई बाळकुमच्या जुन्या कोळी घराण्यातल्या. तरुणपणी त्यांनी टोपलीतून मासळी विकली, आणि मासळी विकता विकता कुणाच्या घरात उपवर मुलगा आहे, कुणाची मुलगी उंचीपायी अडून राहिली आहे, कुणाची सासू वरून गोड पण आतून खारी आहे, याची इत्थंभूत माहिती गोळा केली. पुढे गावठाणाभोवती टॉवर उभे राहिले, टोपली माळ्यावर गेली, पण लग्नं जमवणं काही सुटलं नाही. बाळकुमपासून दिव्यापर्यंत त्यांनी जमवलेली जोडपी इतकी आहेत, की रस्त्यात एखादा नवरा बायकोशी भांडताना दिसला तर बाई थांबतात, आणि आपल्या हातून काही चूक राहून गेली की काय अशा काळजीने दोघांकडे बघतात. त्यांच्या घरातलं एकच लग्न त्यांनी जमवलेलं नाही. ते त्यांच्या मुलाचं आणि माझ्या केतकीचं. ते त्या दोघांनी परस्पर जमवलं, आणि त्याबद्दल बाईंनी अजून मला माफ केलेलं नाही. वास्तविक मलाही कुणी विचारलं नव्हतं, पण मुलीच्या बापाने असल्या बारीकसारीक गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

बाईंबरोबर फ्रिज घ्यायला जाणं हा एक अनुभव आहे. मी गेलेलो आहे. दुकानात शिरल्यावर त्यांनी फ्रिजकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी दुकानदाराचं गाव विचारलं, मग घरात कोण कोण असतं ते विचारलं, मग पाणी मागितलं. फ्रिज पसंत पडल्यावर त्या उठल्या आणि ‘कळवतो’ म्हणून बाहेर पडल्या, कारण पहिल्या बैठकीत होकार द्यायचा नसतो. असं तीन दुकानांत झालं. शेवटी पहिल्याच दुकानदाराचा संध्याकाळी फोन आला आणि तो आपणहून किंमत उतरवून मोकळा झाला. मी डोंबिवलीचा माणूस. उभा जन्म सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात गेला. माझा विश्वास अर्जावर. विषय, संदर्भ, महोदय, या क्रमाने मांडलेलं दुःख कधी ना कधी योग्य टेबलावर पोहोचतं, असं मी मानत आलो. विहीणबाई म्हणतात, कागदाला तोंड नसतं, मग तो बोलणार कसा. या मुद्द्यावर आमचं आजवर पटलेलं नाही.

आणि तरीही आम्हा दोघांना एकाच कामाला जुंपून घ्यावं लागलं, ते मनवामुळे. मनवा ही आमची दोघांची मिळून एकुलती एक नात. बोलायला लागली की थांबायची नाही. ऐकलेली गोष्ट तिखटमीठ लावून सांगायची, मासे नुसत्या शेपटीवरून ओळखायची. पण पुस्तक उघडलं की तिचा चेहरा पडायचा. काल ओळखलेलं अक्षर आज तिला परकं वाटायचं. स्वतःचं नाव ती सकाळी एका तऱ्हेने लिहायची आणि दुपारी दुसऱ्या. वर्गातल्या बाई म्हणायच्या लक्ष देत नाही, केतकी तिला घेऊन तासन्‌तास बसायची, आणि शेवटी दोघी रडायच्या. तिसरीत तर रोज सकाळी शाळेच्या वेळेला तिच्या पोटात दुखायला लागलं. ते दुखणं खरं होतं. एकदा मी तिला सोडायला गेलो होतो, तेव्हा फाटकापाशी तिने माझं बोट इतकं घट्ट धरलं की मला ते सोडवून घेववेना. आम्ही दोघं तसेच घरी परत आलो.

शेवटी सरकारी इस्पितळात तपासणी झाली. विहीणबाई अर्थातच बरोबर. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मनवाला दिवसभर काय काय विचारलं, आणि मग नीट समजावून सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण वाचन-लेखनाची वाट तिच्यासाठी वेगळी आहे. याला अध्ययन अक्षमता म्हणतात, आणि तशा पद्धतीने शिकवणारी शिक्षिका मिळाली तर ती याच शाळेत, याच मैत्रिणींबरोबर शिकू शकेल. केतकीने इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सुटकेचा सुस्कारा सोडला. मी दाखल्यावर शिक्का कुठे मिळतो ते विचारलं. विहीणबाईंनी डॉक्टरीणबाईंचं मूळ गाव विचारलं. पुढच्या हंगामात त्या डॉक्टरीणबाईंचं लग्न झालं, त्यात बाईंचा हात किती होता ते मला सांगता येणार नाही, पण मुलीकडच्या पंगतीत त्या यजमानासारख्या फिरत होत्या.

शाळेत मात्र घोडं अडलं. मुख्याध्यापिका स्वभावाने चांगल्या, पण त्यांचेही हात बांधलेले. त्या म्हणाल्या, चौथीपर्यंत सांभाळतो, पुढे हिच्यासाठी दुसरी शाळा बघा. वेगळी शिक्षिका नेमायची तर तिचा पगार कुठून द्यायचा, सरकारी अनुदानात तो बसत नाही आणि शाळेच्या ट्रस्टकडे निधी नाही. मी हे ऐकलं आणि अर्जाला बसलो. कायद्याची कलमं, परिपत्रकं, दाखल्याची प्रत, सगळं जोडलं. अर्ज लठ्ठ होत गेला. ट्रस्टच्या अध्यक्षांकडे तो दिला, स्मरणपत्रं दिली, पोच घेतली. अध्यक्षांना भेटायला गेलो की ते बाहेर गेलेले असायचे. चौथीचं अर्धं वर्ष असंच सरलं.

तोवर विहीणबाई त्यांच्या पद्धतीने लागल्या होत्या. एकटीदुकटीने मागणी घालायची नसते, सोबत माणसं लागतात, हा त्यांचा पहिला नियम. त्यासाठी अशीच आणखी मुलं शाळेत कोण ते शोधायला हवं होतं, आणि आईबाप ते लपवतात. पण घराघरांतलं लपवलेलं हुडकून काढण्यात बाईंची हयात गेलेली. त्या शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभ्या राहिल्या आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, “आमच्या पोरीला वाचता येत नाय. डोकं हाय, पन अक्षर टिकत नाय.” आजूबाजूच्या आया चपापल्या. केतकीला धरणी दुभंगावी असं झालं. पण आठवडाभरात एकेक आई हळूच बाजूला येऊन विचारायला लागली, की काकू, तुम्ही तपासणी कुठे केली.

यांना एकत्र कुठे बसवायचं हा पुढचा पेच. कुणाच्या घरी म्हटलं तर सासरी कळेल, शाळेत म्हटलं तर वर्गात कळेल. बाईंनी खोपटचं एसटी स्थानक सुचवलं. तिथे बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, गाडीची वाट बघतोय असंच समजतात. त्यामुळे आमच्या पालकसभा खोपटच्या बाकांवर झाल्या. प्रत्येकजण संशय नको म्हणून हातात एक रिकामी पिशवी घेऊन यायचा. एकदा तर एका कंडक्टरला आमची इतकी दया आली की त्याने आम्हाला जवळजवळ अलिबागच्या गाडीत बसवलंच होतं. त्या बाकांवर लोक पहिल्यांदा मोकळेपणी बोलले. एक आडदांड गृहस्थ, पोराला मारायचो म्हणून, पिशवी तोंडाशी धरून रडले.

आणि मग बाईंनी ते केलं जे माझ्या लठ्ठ अर्जाला जमलं नव्हतं. त्यांनी अध्यक्षांना फोन केलाच नाही, त्यांच्या पत्नीला केला. पोरीचं बोलायचं आहे, रविवारी संध्याकाळी येते, एवढंच सांगून ठेवून दिला. आता आसपासच्या गावांत विहीणबाई पोरीचं बोलायला येणार याचा अर्थ एकच होतो, आणि अध्यक्षांचा नातू दोन वर्षं लग्नाचा खोळंबलेला. आम्ही पोहोचलो तेव्हा बाईंबरोबर खोपटच्या सभेतल्या आणखी चौघीजणी नऊवारी नेसून, हातात रुमालाने झाकलेलं ताट, आणि मागे मी, अर्ज छातीशी धरून. दारात रांगोळी होती. जे अध्यक्ष मला महिनोन्‌महिने भेटले नाहीत ते दारापर्यंत आले. पोहे घेऊन खुद्द नातू आला, इस्त्रीच्या सदऱ्यात. चहा झाला, गावाकडची चौकशी झाली, आणि अध्यक्षांनी घसा साफ करून विचारलं, मुलगी काय करते.

“चौथीत हाय,” विहीणबाई म्हणाल्या.

नातवाने सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि आमच्यासाठी आणलेले पोहे स्वतः खायला घेतले. सगळ्यांत आधी अध्यक्षांच्या पत्नी हसल्या, म्हणून बरं. अध्यक्ष हसले नाहीत. शाळेचं काम असेल तर कचेरीत या, असं म्हणत ते उठायलाच लागले. माझा धीर तिथेच सुटला. मला वाटलं, संपलं, आता मनवाला घेऊन कुठल्या लांबच्या शाळेचे उंबरे झिजवायचे.

विहीणबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. “बसा दादा,” त्या म्हणाल्या. “पोरगी आमी तुमच्या घरात दिली, चार वरसं झाली. आता तुमी बोलता, माघारी न्या. माघारी न्यायला तिचा गुन्हा काय, ते सांगा. नांदवायला तुमचं घर कमी पडतंय का?”

अध्यक्ष बसले. सासरहून माघारी धाडलेली मुलगी म्हणजे काय, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगायला नको होतं. ते हळू आवाजात म्हणाले, “बाय, ट्रस्टकडं पैसा नाय.”

त्यावर बाईंनी आपला हिशेब काढला. शाळेच्या मैदानात दर उन्हाळ्यात मांडव पडतात. त्यातले निम्मे मांडव त्यांनी जमवलेल्या लग्नांचे. तेव्हा हंगामाचं जे भाडं येतं ते मुलांच्या शिक्षिकेला जाऊ दे, आणि यापुढे त्या एकही लग्न दुसऱ्या हॉलला जाऊ देणार नाहीत. अध्यक्ष विचारात पडले. तेवढ्यात बाईंनी ताटावरचा रुमाल काढला. हळद-कुंकू, नारळ आणि मधोमध सुपारी. आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर सुपारी फुटली की शब्द पक्का, मग सोयरीक मोडता येत नाही. आणि सुपारी न फोडता ताट ज्या घरातून परत जातं, त्या घरात पुढे लग्न जमायला जड जातं, असंही बाई सहज बोलल्यासारखं बोलल्या. असा समज खरोखरच आहे, की त्यांनी तो तिथल्या तिथे काढला, हे मला अजून कळलेलं नाही. अध्यक्षांच्या पत्नींनी एकदा नातवाकडे पाहिलं, त्या आत गेल्या, आणि खलातला बत्ता आणून नवऱ्याच्या हातात दिला. टीपॉय काचेचा होता. अध्यक्षांनी इकडेतिकडे बघितलं, माझ्या हातातला अर्ज घेतला, तो काचेवर ठेवला, त्यावर सुपारी ठेवली, आणि बत्ता घातला. सुपारी फुटली, काच शाबूत राहिली. अर्ज लठ्ठ असल्याचा असाही उपयोग झाला.

पुढे ट्रस्टच्या सचिवांनी ठराव कुठे आहे, मंजुरी कुठे आहे, असं बरंच विचारलं म्हणतात. अध्यक्षांनी त्यांना एवढंच सांगितलं की सुपारी फुटलेली आहे, आता कागद तुम्ही बघा. सचिवांनी माझ्या खळगा पडलेल्या अर्जावरूनच ठराव लिहिला, हे मी इथे मुद्दाम नमूद करतो. शिक्षिका नेमल्याचं मे महिन्यात कळलं, आणि मला त्या रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली. जूनमध्ये मैदानातल्या स्टेजशेजारच्या खोलीतून लग्नाच्या स्वयंपाकाचे टोप बाहेर काढले आणि तिथे फळा लागला. खोपटचे पालक आता उजळ माथ्याने शाळेच्या फाटकातून येतात, पिशव्या घरी ठेवून. मनवाचं पोट दुखायचं कधी थांबलं ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

परवा त्या खोलीत नव्या शिक्षिकेने पालकांना बोलावलं होतं. मुलांना वाचताना नेमकं काय होतं, ते ती समजावून सांगत होती. ओळखीचं अक्षर अचानक अनोळखी होतं, ओळ हातातून सुटते, सगळे भराभर पुढे जातात आणि आपण तिथेच राहतो. विहीणबाई माझ्या शेजारी मुलांच्या ठेंगण्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी मला कोपराने डिवचलं आणि हळूच विचारलं, “व्याही, हे सगल्यांचंच असं असतं ना?”

मी म्हटलं, नाही.

“तुमचं नाय असं?”

नाही, म्हटलं, माझं तसं कधीच नव्हतं. बाईंची शाळा दुसरीतच सुटली हे मला माहीत होतं, पण त्या काळी मुलींच्या शाळा सुटायच्याच, म्हणून मी कधी कारण विचारलं नव्हतं. त्यांनी फळ्याकडे बघत ते आपणहून सांगितलं. गुरुजींनी वडिलांना बोलावून, ही ढ आहे, उगाच वेळ घालवू नका, असं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून डोक्यावर टोपली आली. मग मला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “म्हंजे मी ढ नव्हते.”

मी नुसती मान हलवली. तेवढ्यात शिक्षिकेने मनवाला धडा वाचायला उभं केलं. ती ओळीखाली बोट सरकवत, अडखळत, पण न घाबरता वाचू लागली. विहीणबाई पुढे झुकून ऐकत होत्या, आणि नातीच्या एकेका शब्दामागून त्यांचेही ओठ हळूहळू हलत होते.