व्याह्यांच्या पूर्वजांची पाटी

माझ्या होणाऱ्या जावयाच्या पूर्वजांचा मी, ते वारून दीडशे वर्षं झाल्यावर, संगमरवरात कोरून अपमान केला. तोही हौसेने!

त्याचं झालं असं. आमच्या मुक्ताने ब्रेंडनशी लग्न ठरवलं. मुलगा गुणी, इथेच अमेरिकेत, आमच्या ट्रॉय गावात मोटारींचे ब्रेक डिझाइन करतो. त्याच्या घरचे सगळे खूश होते, फक्त आजी गप्प होती. या आयलीनआजीकडे तिच्या आईची आयर्लंडहून आलेली अंगठी होती. घरात येणाऱ्या मुलीला ती द्यायची, पण आजीच्या मनाला आलं तरच. थोरल्या नातसुनेला तिने मिक्सर दिला होता. मुक्ताचा सगळा जीव त्या अंगठीत अडकलेला.

"बाबा, प्लीज, साखरपुड्याला आजीशी नीट बोला," तिने मला बजावलं. "पॉलिटिक्स नको, कोलेस्टेरॉल नको."

मग उरलं काय? आपल्याकडे दोन म्हातारी माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तुम्ही मूळचे कुठले? मी ब्रेंडनकडून आजीच्या माहेरचं गाव आणि खापरपणजोबांपर्यंतची नावं घेतली आणि इंटरनेटवर उतरलो. (रिटायर्ड इंजिनिअरच्या हाती वेळ आणि वायफाय एकदम देऊ नये.)

तिसऱ्या दिवशी घबाड सापडलं. आयर्लंडमधल्या चर्चच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या वह्या, पानंच्या पानं स्कॅन केलेली. शेतकऱ्याचं नाव, त्याची जमीन आणि शेवटच्या रकान्यात चर्चला द्यायची रक्कम. आजीच्या गावच्या पानावर तिचे खापरपणजोबा डॅनियल मला चक्क भेटले!

धर्मस्थळ, नावांची यादी, नावापुढे रक्कम. मराठी माणसाला याचा एकच अर्थ माहीत असतो, देणगीदार! (आमच्या इथल्या देवळातही अशी संगमरवरी पाटी आहे. माझंही नाव आहे तिच्यावर, चपलांच्या रॅकमागे.) साइटवर सुरुवातीला लांबलचक माहिती दिलेली होती. ती मी वाचली नाही. मोटार कंपनीत उभा जन्म काढला, पण मॅन्युअल म्हणून कधी वाचलं नाही.

"सुनंदा, व्याही खानदानी आहेत," मी बायकोला सांगितलं. "गावात सगळ्यात मोठी देणगी यांची."

"एकदा ब्रेंडनला विचारून घ्या ना."

"अगं, सरप्राइज आहे."

"तुमची सरप्राइजं माहीत आहेत मला," असं म्हणून ती करंज्यांकडे वळली.

साखरपुडा आमच्या बेसमेंटमध्ये. दोन्हीकडची मिळून साठ माणसं. मी घसा खाकरला, व्याह्यांच्या दानशूर घराण्यावर पाच मिनिटं बोललो आणि मुद्दाम कोरून घेतलेल्या संगमरवरी पाटीवरची शाल ओढली. 'चर्चला सढळ हाताने देणगी देणारे डॅनियल यांच्या पुण्यस्मृतीस.' इंग्रजीत, सोनेरी अक्षरांत.

टाळ्या फक्त आमच्या बाजूने वाजल्या.

ब्रेंडन माझ्या कानाशी आला. "काका, ती डोनेशनची लिस्ट नाहीये. तो टॅक्स होता."

"चर्चचाच ना?"

"दुसऱ्यांच्या चर्चचा. आम्ही कॅथलिक. प्रोटेस्टंट चर्चचा खर्च आमच्याकडून जबरदस्तीने वसूल करायचे."

तोवर आजी काठी टेकत पाटीपाशी आली होती. "डॅनियलने राजीखुशीने कवडीही दिली नाही," ती म्हणाली. "वसुलीवाला आला की तो गाय बेडरूममध्ये न्यायचा, तिच्यावर पांघरूण घालायचा आणि सासू आजारी आहे म्हणून सांगायचा."

मी घाम पुसला. आजीने माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि तुमचे पूर्वज काय करायचे?"

आता काय सांगावं? आम्ही कुलकर्णी!

"ते... लिहिण्यावाचण्याचं काम," मी पुटपुटलो.

पण मुक्ता अमेरिकेत वाढलेली, सारवासारव तिला जमत नाही. "गावात कोणी किती शेतसारा द्यायचा, ते लिहायचे," ती म्हणाली. "टॅक्स रेकॉर्ड्स, आजी. अ‍ॅक्च्युअली सेम हेच."

गेली अंगठी! पोरीचा चेहरा पाहून मला खरंच रडू यायला लागलं. आजीचे खांदे हलत होते. तीही रडतेय असं मला वाटलं, पण आजी हसत होती, इतकी की तिला खुर्ची द्यावी लागली.

"दोनशे वर्षांनी वसुलीवाला स्वतः पावती घेऊन आला," ती डोळे पुसत म्हणाली. मग तिने बोटातली अंगठी काढून मुक्ताच्या तळहातावर ठेवली. "तू खरं बोलतेस. तुझ्या बापाकडे दुर्लक्ष कर."

ती पाटी आजीने नेली आणि मागच्या दाराला पायरी म्हणून बसवली, कोरलेली बाजू खाली. आता मी तिच्या घरची बेल वाजवली की आतून ठणठणीत आवाज येतो, "वसुलीवाले आले. गाय आत न्या."

मी निमूट बूट काढतो, आत जातो आणि सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी करतो.