विचाराधीन नारळ

२३ मे. सकाळपासून तात्यांच्या माळ्यावरचे नारळ खाली उतरवतेय. त्यांच्या मुलाचा मुंबईहून फोन आला होता, "काकी, पावसाच्या आधी माळा रिकामा करा. नारळांचे कोंब छपरात घुसलेत म्हणतात." खरंच घुसले आहेत. एकाने छप्पर थोडं उचलून धरलंय आणि त्याची पानं बाहेर ऊन खात बसली आहेत. हे साठवणीचे नारळ नव्हेत. हे आमच्या वाडीने वेळोवेळी केलेले ठराव आहेत. प्रत्येकावर तात्यांनी खडूने विषय लिहून ठेवलाय: 'विहिरीची जाळी', 'सभागृहाचे पंखे', 'नळाची वेळ'. खाली सगळीकडे एकच शेरा, 'विचाराधीन'.

तात्या आमच्या वाडीचे मानकरी. वाडी जयगडच्या खाडीवर, चढावर वसलेली. आमच्याकडे मानकऱ्याच्या हातचा नारळ फुटल्याशिवाय कुठलंही काम सुरू होत नाही. मंडळ ठराव करतं, ठरावाबरोबर एक असोला नारळ, म्हणजे वरच्या सोडणासकट, न सोललेला, मानकऱ्याच्या घरी जातो. त्याने तो सोलून कामाच्या जागी फोडला की मग कामगार हत्यार लावतो. मंडळाची चिटणीस मी, त्यामुळे नारळ पोचवायचं काम माझं. पिढ्यान् पिढ्या मानकऱ्यांनी नारळ घेतला, फोडला आणि अर्धी वाटी घरी नेली. तो न फोडता नुसता ठेवूनही देता येतो, हा शोध तात्यांचा.

नोकरीत त्यांची तयारी झालीच होती. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी भरलेली, चालक बसलेला, वाहकाने दार लावलेलं आणि तात्या खिडकीत शिट्टी हातात घेऊन शांत बसलेले, हे मी कॉलेजात असताना रोज पाहिलंय. कोणी ओरडलं की म्हणायचे, "गाडी सुटायची वेळ वेगळी, सोडायची वेळ वेगळी. सुटायची वेळ फळ्यावर लिवलीय. सोडायची माझ्याकडं हाय."

निवृत्त झाल्यावर त्यांना राज्यपाल सापडले. कुठल्या कुठल्या राज्यांत विधानसभेने विधेयक मंजूर करून राजभवनावर पाठवायचं, राज्यपालांनी त्यावर बसून राहायचं आणि सरकारने न्यायालयात धाव घ्यायची, या बातम्या लागल्या की वाडीतले बाकीचे लोक चॅनल बदलत. तात्या मात्र आवाज वाढवत. मी कुंपणाजवळून गेले की हाक यायची, "चिटणीसबाई, बघितलंस काय गो? एवढा मोठा माणूस, बंगला, बाग, दारात पोलीस. तोसुद्धा इचार करतोय. आणि तुमची आपली घाई."

त्यांनी मला राज्यपालाच्या चार वाटा बोटांवर मोजून शिकवल्या. सही करायची, रोखायचं, परत पाठवायचं, नाहीतर वर राष्ट्रपतींकडे राखून ठेवायचं. वाडीला राष्ट्रपती कुठून आणणार, असं मी विचारलं, तर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. त्यांचे थोरले बंधू डोंबिवलीला असतात. ऐकायला अजिबात येत नाही. सभागृहाच्या पंख्यांचा विषय तात्यांनी त्यांच्याकडे राखून ठेवला. माझ्यासमोर फोन लावला. पलीकडून "कोण बोलतंय?" एवढंच पुन्हा पुन्हा येत राहिलं. तात्यांनी फोन ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "अजून मत दिलं नाय त्यांनी."

पंख्यांवाचून माणसं मरत नाहीत, म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही. पण मग रस्त्याचा ठराव आला. माझे थोरले दीर, यशवंत भावोजी, आमच्याकडेच असतात. माझे यजमान बोटीवर, भावोजींना मूलबाळ नाही, तेव्हा सगळं माझ्याकडेच. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला रत्नागिरीला न्यावं लागतं. रिक्षा खाली रस्त्यापर्यंत येते. तिथून आमच्या घरापर्यंत पाखाडी आहे, जांभ्याच्या पायऱ्यांची उभी वाट. भावोजींना लाकडी खुर्चीत बसवून चौघांनी उतरवायचं आणि चौघांनीच चढवायचं. तरुण पुरुष मुंबईला. इथे आहेत त्यांच्यात ज्याचे गुडघे बरे तो तरुण. मागच्या पावसाळ्यात शेवाळावरून एकाचा पाय सरकला आणि खुर्ची भावोजींसकट तीन पायऱ्या खाली आली. पुढच्या पावसाळ्यात ते असं उतरू शकणार नाहीत, आणि उतरले नाहीत तर जगणार नाहीत. यात समजण्यासारखं कठीण काही नव्हतं. गणपतीत मुंबईकर आले तेव्हा पाखाडीच्या बाजूने रिक्षा चढेल एवढा रस्ता काढायचा ठराव एकमताने झाला. मी नारळ नेऊन दिला. तात्यांनी तो कपाळाला लावला, खडूने 'रस्ता' लिहिलं आणि माळ्यावर ठेवला.

"तात्या, हा तरी फोडा."

"मी नाय म्हटलंय काय?"

"मग हो म्हणा."

"तेवढ्यासाठीच तर इचार करतोय ना गो!"

आता गंमत अशी की खुर्चीचा पुढचा उजवा पाय धरायला तात्याच यायचे. वय सत्तरीच्या पुढे, पण एकही खेप चुकवली नाही. पहाटेच आंघोळ करून, शिट्टी गळ्यात घालून दारात हजर. "उचला!" मग एक शिट्टी. वळणावर दुसरी, "थांबा! यशवंता, पाय आत घे!" पाखाडीवर समोरून गाय आली तर तिलाही शिट्टी. गाय थांबायची. भावोजी एकदा खुर्चीतून म्हणाले, "तात्या, माझा रस्ता माळ्यावर ठेवलात आणि मला खांद्यावर घेतलात!" तात्या धापा टाकत म्हणाले, "दोन वेगळी खाती हायत रे ती."

शिमग्याला मुंबईकर परत आले. त्यांच्यात निलेश होता, आमच्या भावकीतला पुतण्या, इंजिनीअर. तो चौकशी करायला माळ्यावर चढला आणि तसाच खाली आला. रस्त्याच्या नारळाला कोंब आला होता. तात्यांनी लगेच निर्णय दिला, त्यांच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत जलद. कोंब आलेला नारळ फोडत नाहीत, लावतात. हे खरंच आहे, आमच्याकडे तसा नेम आहे. "ठराव जिता झालाय," ते म्हणाले. "जित्या ठरावाची मी हत्या करू काय?"

निलेशने रागाने सभा बोलावली. रस्त्याचा ठराव पुन्हा केला, नवा नारळ. शिवाय दुसरा ठराव केला: मानकऱ्याने पंधरा दिवसांत नारळ फोडला नाही तर तो फुटला असं समजावं. टाळ्या पडल्या. मी फक्त एवढंच विचारलं, की हा दुसरा ठराव लागू व्हायला आधी काय लागेल? कोणीतरी दुसरा नारळ आणायला उठलं. मग मी दोन्ही नारळ घेऊन तात्यांकडे गेले. त्यांनी दुसऱ्यावर बराच वेळ खर्चून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'माझ्याविरुद्ध', आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला. निलेशने टीव्हीचाच दाखला दिला, की दुसऱ्यांदा आलेलं विधेयक राज्यपालाला अडवता येत नाही. तात्या म्हणाले, "ती विधानसभा. तुम्ही मंडळ. निवडणूक कधी झाली तुमची?" झाली नव्हती. ती घ्यायचा ठरावही माळ्यावर होता.

उरली देवी. बाळा गुरवाने देवळात कौल लावला. देवीच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाळाने गाऱ्हाणं घातलं, "आई, तुझ्या लेकराला पाखाडी उतरवत नाय, वाटेचा नारळ फुटूंदे!" आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने तात्या म्हणाले. क्षणात उजवी पाकळी पडली. निलेशने मोबाइलवर त्याचा फोटोही काढला.

तात्यांनी हात जोडले. "आईचा शब्द मला मान्य. नारळ फोड, म्हणाली. कधी फोड, ते बोलली काय?"

मग बाळाने मुदतीचा कौल लावला. पंधरा दिवसांत? पाकळी हलली नाही. महिन्याभरात? नाही. पावसाच्या आधी तरी? बसल्या बसल्या आमच्या पायांना मुंग्या आल्या. शेवटी बाळा म्हणाला, देवी मुदत घालून द्यायला तयार नाही. तात्या घरी गेले ते जवळजवळ नाचतच. "वरच्या न्यायालयातसुद्धा हेच झालं! आधी मुदत घातली, मग मोठं खंडपीठ म्हणालं, मुदत घालता येत नाय. आई टीव्ही बघत नाय, तरी बघ कशी जुळली!"

त्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग गेले. चहा त्यांनीच केला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी सरळ विचारलं, "भावोजी मेले तर?"

"मी हाय ना उचलायला."

"तुम्ही मेलात तर?"

ते बशीतला चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, "स्टँडवरनं सुटलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघायला गेलो होतो. माझ्या खिडकीत कोणीच नव्हतं. गाड्या सुटत होत्या गो. वेळेवर." मग त्यांनी विचारलं, "रस्ता झाला की यशवंता रिक्षात बसणार. मग सकाळी मी कुठं जाऊ?"

"आमच्याकडे चहाला या."

"चहाला शिट्टी लागत नाय," ते म्हणाले. पण 'इचार करतो' असं त्या दिवशी म्हणाले नाहीत. हे मी नोंदवून ठेवते, कारण त्यांच्या बाबतीत तेवढंही पुष्कळ होतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला, भावोजींना खाली पोचवून वर येताना, तात्या पाखाडीवर बसले आणि उठले नाहीत. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. वाडीतल्या सगळ्यांनी खांदा दिला. तेरावं परवाच झालं.

काल संध्याकाळी मंडळाची सभा झाली. तात्या नाहीत म्हणजे अडथळा नाही, असं निलेश फोनवर म्हणत होता. उलट झालं. तात्या असताना नारळ फुटत नव्हता, पण फुटू शकत होता. आता फोडणाराच नाही. मान मुलाकडे जातो. मुलगा म्हणाला, रजा नाही, गणपतीत येऊन फोडतो. बाळा गुरवाने प्रभारी मानकरी नेमायला कौल लावला, तर दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या. कोणीतरी डोंबिवलीला फोन लावला. "कोण बोलतंय?" निलेशने ठरवून पाठवलेला जेसीबीवाला खाली यंत्र उभं करून बसलाय, नारळाशिवाय सुरू केलं आणि यंत्राचा दात मोडला तर भरून कोण देणार, म्हणतो. पाऊस दोन आठवड्यांवर. खुर्चीला तीन माणसं. सभेने शेवटी एकच ठराव केला, तात्यांना श्रद्धांजलीचा. त्याचाही नारळ माझ्या हातात दिला.

२४ मे. आज पहाटे तोच नारळ मी आमच्या अंगणातल्या पहारेवर सोलला आणि खाली गेले. जेसीबीवाला दात घासत होता. त्याने विचारलं, "मानकरी कोण?" मी म्हटलं, "मी." "बाईमाणूस?" "यंत्र सुरू कर." बायकांनी नारळ फोडायचा नसतो हे मला माहीत आहे. पहिल्या फटक्याला फुटला नाही. दुसऱ्याला दोन वाट्या सरळ झाल्या. देवळाच्या पायरीवरून बाळा ओरडला, "वहिनी, कौल झाला नाय!" मी म्हटलं, "तू लावत राहा रे, देवी कुठे जात नाही." त्याला अर्धी वाटी पाठवून दिली.

मग वर आले. भावोजींना खुर्चीत बसवलं आणि पुढचा उजवा पाय मी धरला. "तुला जड होईल," ते म्हणाले. मी म्हटलं, "बोलू नका, तुम्ही हलता." अर्ध्यावर, आखलेली नवी वाट जिथे पाखाडीला छेदते तिथे, जेसीबी गुरगुरत आडवा आला. आम्ही थांबलो, तोही थांबला. तो आमच्याकडे बघतोय, आम्ही त्याच्याकडे. आधी कोणी जायचं ते कोणी सांगेना. मी खुर्ची मांडीवर तोलली, एक हात वर करून त्याला यंत्र मागे घ्यायला लावलं आणि भावोजींना पुढे काढलं.