सव्वाबाराला पोचणारं विमान

मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत वेळ विचारायची ती कडूबांना. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर. मनगटावरचं घड्याळ त्यांनी कधी मिनिटभर मागं पडू दिलं नाही. माणूस सोन्यासारखा, पण हट्टाला पेटला की सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

त्यांची एकुलती लेक सोनिया नर्स आहे. तिला रियाधच्या दवाखान्यात नोकरी लागली आणि यांनी अबोला धरला. विमानतळ घरापासून दहा मिनिटांवर, तरी सोडायला गेले नाहीत. पोरगी पाया पडली तेव्हा म्हणाले, "जातीस तर जाय. मला फोन करू नको." घरात फोन तेवढा एकच होता, त्यांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीहून तिचं पुढचं विमान होतं. कडूबांनी तिकिटाची झेरॉक्स गुपचूप काढून ठेवली होती. दिल्ली दहा, रियाध सव्वाबारा. म्हणजे सव्वादोन तास. अंतर मात्र तीन हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे पुण्याला जाऊन-येऊन सहा फेऱ्या मारून वर थोडं उरेल एवढं. विमानाचा वेग आपल्याला काय ठाऊक, असं म्हणून त्यांनी ते मानलं. छापलेल्या वेळापत्रकावर त्यांनी जन्मात शंका घेतली नव्हती.

सव्वाबारा वाजले. मग एक वाजला. कडूबा फोन हातात धरून ओट्यावर बसले होते. बायकोनं, गीताबाईंनी, ताट वाढलं, त्यांनी हात लावला नाही. विमान पडलं असेल, की आपलं ऐकून पोरगी गप्प बसली असेल? दोन्हींतलं एकही सोसण्यासारखं नव्हतं. आपण तिला शेवटचं काय बोललो, हेच त्यांच्या डोक्यात घण घालत होतं. भिंतीपलीकडे हैदरभाई राहतात, बारा वर्षं रियाधला वेल्डर होते. पण ज्याला सगळी गल्ली वेळ विचारते, त्यानं दुसऱ्याला कसं विचारायचं?

सव्वादोनला गीताबाई न सांगताच उठल्या आणि हैदरभाईंना घेऊन आल्या. हैदरभाईंनी कडूबांच्या हातातली झेरॉक्स बघितली आणि कडूबांच्या शेजारी बसले.

"मास्तर, हे सव्वाबारा तिथले. रियाध आपल्यापेक्षा अडीच तास मागं हाय. आता तिथं पावणेबाराच वाजलेत. विमान अजून वरच हाय."

कडूबा घड्याळाकडे बघत राहिले.

तीन वाजता फोन वाजला, पण त्यांच्या हातातला नाही. भिंतीपलीकडे, हैदरभाईंच्या बायकोचा. राहतभाभी तो घेऊन धावतच आल्या. सोनिया सुखरूप पोचली होती आणि आईला द्या म्हणत होती. गीताबाईंनी हात पुढं केला, पण फोन कडूबांनी घेतला.

"इकडं का नाय केला?"

"तुम्हीच नको म्हणले होते, बाबा."

कडूबा एवढंच म्हणाले, "रोज कर. माझ्या फोनवर."

दुसऱ्या दिवशी नाक्यावर गल्लीतल्या बद्रीनाथनं त्यांना सवयीनं वेळ विचारली. कडूबांनी मनगट वळवून बघितलं आणि साडेसात म्हणाले. ऊन चांगलं वर आलं होतं, दहा वाजले होते.